बी पॉझिटिव्हच्या पानावर आत्या

बाबा गेल्यावर त्यांच्यावर काहीतरी लिहायचं, ते स्मरणसभेत वाचायचं आणि नंतर छोटी पुस्तिका करून सगळ्यांना द्यायची असं घरात ठरलं. काम माझ्याकडे आलं, कारण मी नोकरीत अहवाल लिहिते. अहवाल लिहिणाऱ्या माणसाला वडिलांवरही लिहिता येतं असा घरच्यांचा समज. दादाने एक मसुदा आधीच करून ठेवला होता: ‘मनमिळाऊ, सदा हसतमुख, कुटुंबवत्सल आणि समाजासाठी अहोरात्र झटणारे अजातशत्रू व्यक्तिमत्त्व.’ मी म्हटलं, यात खोटं काहीच नाही, पण नाव बदललं तर हे कुणालाही चालेल. दादा चिडला. “मग तू लिही,” म्हणाला. आणि अजातशत्रू म्हणाल, तर बाबांशी अबोला धरलेली दोन-तीन माणसं मला नक्की ठाऊक होती. त्यातल्या एकांना मी पुढे फोनही केला.

बाबा कुठल्या संस्थेचे अध्यक्ष-बिध्यक्ष नव्हते. ते फोन करायचे. कुणाला रक्त लागलं की त्या गटाचा, त्या वेळी देऊ शकेल असा माणूस शोधायचा, त्याला गाठायचं, तो पोचला का ते बघायचं. उभी हयात हेच. लांबून बघणाऱ्याला हे फोनाफोनीचं काम वाटे, पण खरं तर ते हिशेबाचं होतं. रक्त कारखान्यात बनत नाही आणि फार दिवस साठवताही येत नाही. लाल पेशी २ ते ६ अंशांवर ठेवल्या तर, त्यात कोणतं द्रावण घातलंय त्यानुसार, ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट सतत हलत्या ठेवाव्या लागतात, आणि तरी त्या साधारण ५ दिवसच चालतात. शिवाय एकदा रक्त दिलं की तो माणूस पुढचे तीन महिने तरी मोकळा. म्हणजे कोण कधी ‘मोकळा’ आणि कोण कधी ‘तयार’, हे डोक्यात ठेवणारं कुणीतरी लागतं.

याच हिशेबापायी बाबांची एक खोड होती, ती ऐकून नवे लोक गोंधळायचे. १४ जूनला जागतिक रक्तदाता दिन असतो. एबीओ रक्तगट शोधणाऱ्या कार्ल लँडस्टायनर यांचा तो जन्मदिवस. त्यांचा शोध १९०१ चा, नोबेल १९३० चं. त्या दिवशी उत्साहाने आलेल्यातल्या निम्म्या लोकांना बाबा हात जोडून परत पाठवायचे. “आज नको. दीड महिन्याने मी फोन करतो, तेव्हा या.” सगळ्यांनी एकाच दिवशी दिलं तर सहा आठवड्यांत त्यातलं उरलेलं बाद होतं, आणि देणारे सगळे तीन महिने एकदम बाद होतात. एका जुन्या सहकाऱ्याने मला सांगितलं, “रक्तदानाच्या कार्यक्रमातून रक्तदात्यांना घालवून देणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.” माझ्या कागदावर उतरलेलं हे पहिलं वाक्य. ते मिळाल्यावर मला हायसं वाटलं. हे दुसऱ्या कुणाला लागू पडणार नव्हतं.

मग मी त्यांची वही काढली. जाड पुठ्ठ्याची, लांबट, कडेला कापून पायऱ्या केलेली. घरात ती कायम फोनजवळ असायची, पण मी ती कधी नीट उघडून पाहिली नव्हती. ती बाबांची वही, एवढंच. नावं आडनावाप्रमाणे असतील असं धरून मी शोधायला बसले तर काही लागेना. वही रक्तगटानुसार लावलेली होती. माणूस शोधायचा तर आधी त्याचा गट माहीत पाहिजे. आत्या सापडली ती बी पॉझिटिव्हच्या पानावर, एक अनोळखी प्लंबर आणि एक शाळामास्तर यांच्या मधोमध. नाव-नंबर शाईने आणि शेवटच्या रक्तदानाची तारीख पेन्सिलीने, कारण तारीख दर वेळी खोडून नवी घालायची. काही ठिकाणी इतकं खोडलं होतं की कागद विरून आरपार दिसत होतं. मी तिथे बोट ठेवून पाहिलं, पलीकडच्या पानाची शाई लागत होती.

सगळ्यात शेवटच्या पानावर एकच नाव होतं. बाँबे रक्तगट. १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत तो प्रथम नोंदवला, म्हणून हे नाव. साध्या तपासणीत तो ओ गटासारखा दिसतो, पण इतरांच्या लाल पेशींवर असते ती ‘एच’ प्रतिजनाची खूणच त्यात नसते, त्यामुळे ओ गटाचंही रक्त या माणसांना चालत नाही. फक्त त्याच गटाचं लागतं. त्या एका नावासमोर चार फोन नंबर होते: घरचा, कामावरचा, शेजाऱ्यांचा, मेहुण्याचा. हा माणूस हरवता कामा नये, असं बाबांनी कुठे लिहिलं नव्हतं. चार नंबर पाहिले की कळत होतं.

आम्ही घरचे सगळे त्या वहीत होतो. दादासमोर तारखांची खाडाखोड भरपूर. माझ्या नावासमोर मी अठरा पूर्ण करते ती तारीख आणि पुढे बारीक अक्षरात: ‘आपण विचारू नये. स्वतः म्हणाली तर.’ मी स्वतः म्हणाले होते, पण चांगली चोविसाव्या वर्षी. तोवर त्यांनी खरंच कधी विषय काढला नव्हता. आणि आईच्या नावासमोर ‘एचबी १०.८, विचारायचं नाही’ आणि त्याखाली काही वर्षांनी ‘११.१, नाही’. रक्त द्यायला हिमोग्लोबिन साडेबाराच्या पुढे लागतं. आई कधीच त्या रेषेपलीकडे गेली नाही. ते तिला लागून राहिलं होतं, हे मला आता कळलं. तेव्हा वाटायचं, तिला या सगळ्यात रस नाही.

वहीने हाडं दिली, पण मांस माणसांकडेच होतं. मी फोन करायला सुरुवात केली. सुरुवातीचे फोन अगदी गुळगुळीत झाले. “बाबा कसे होते?” असं विचारलं की समोरून दादाचाच मसुदा येतो: मनमिळाऊ, हसतमुख. लोकांचा यात दोष नाही. प्रश्नच तसा असतो. मग मी प्रश्न बदलले. “पहिल्यांदा भेटलात तेव्हा तुम्ही कुठे उभे होतात?” “त्यांनी तुम्हाला कधी नाही म्हटलं?” “ते चिडल्यावर काय करायचे?” शेवटच्या प्रश्नावर जवळजवळ प्रत्येक जण आधी हसायचा आणि मग खरं बोलायला लागायचा. (चिडल्यावर ते वहीतली तारीख पुन्हा खोडून पुन्हा तीच लिहायचे. हे तिघांनी वेगवेगळं सांगितलं, तेव्हा मी ते लिहिलं.) आणखी एक: उत्तर संपल्यासारखं वाटलं की लगेच पुढचा प्रश्न टाकायचा नाही. गप्प बसायचं. बऱ्याचदा खरी गोष्ट त्या गप्प बसण्यानंतर येते. बोलणं रेकॉर्ड करायचं असेल तर आधी विचारायचं, हे वेगळं सांगायला नको. पण दुःखाच्या घरून फोन आलाय म्हणून लोक कशालाही हो म्हणतात, म्हणून मी छापण्याआधी प्रत्येकाला त्याचा तेवढा मजकूर पुन्हा पाठवला.

थोड्याच दिवसांत लक्षात आलं की मला मिळणाऱ्या आठवणी सगळ्या एकाच काळातल्या आहेत. बाबांचे मित्र त्यांच्या कॉलेजचं, पहिल्या नोकरीचं, लग्नाच्या सुमाराचं भरभरून सांगत. नंतरची वीस-पंचवीस वर्षं दोन वाक्यांत संपत. हे मानसशास्त्राला ठाऊक असलेलं आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना साधारण दहा ते तीस या वयातलं प्रमाणाबाहेर जास्त आठवतं. उपाय एकच, वेगवेगळ्या वयाची माणसं शोधणं. बाबांच्या उतारवयाच्या गोष्टी त्यांच्या समवयस्कांकडे नव्हत्याच. त्या विशीतल्या मुलांकडे होत्या.

त्यातल्या एकीने सांगितलेलं मला सगळ्यात आवडतं. ती पहिल्यांदा रक्त द्यायला आली होती आणि सुई बघूनच तिचे हात गार पडले होते. पासष्टीनंतर बाबांना स्वतः रक्त देता येत नव्हतं, त्यामुळे ते खुर्ची घेऊन पहिलटकरांशेजारी बसायचे. तिला त्यांनी धीर वगैरे दिला नाही. आधी पेलाभर पाणी प्यायला लावलं, मग सांगितलं, पायावर पाय टाक आणि मांड्या आवळ, सोड, आवळ, सोड. आणि आवळताना मोजायचं, पण उलटं, शंभरापासून. “मी एकाहत्तरला चुकले तर म्हणाले, परत शंभरपासून. मला इतका राग आला की पिशवी भरली कधी ते कळलंच नाही.” पाणी पिण्याने आणि स्नायू आवळण्याने भोवळ येण्याचं प्रमाण कमी होतं, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. उलटं मोजायला लावणं ही बहुधा त्यांची स्वतःची भर.

आठवणी तपासून घ्याव्या लागतात, हेही शिकले. भर पावसात, मध्यरात्री, बाबा स्कूटरवर दात्याला मागे बसवून घेऊन आले, ही गोष्ट मला चार घरांतून मिळाली आणि प्रत्येक घराचं म्हणणं की ती त्यांच्याच पेशंटची. दोन ठिकाणी तर स्कूटरचा रंगही वेगळा. कुणी खोटं बोलत नव्हतं. एक प्रसंग अनेकदा सांगितला गेला की तो ऐकणाऱ्याच्याही मालकीचा होतो. वहीत तारीख बघितली तर त्यातला एक प्रसंग ऐन उन्हाळ्यातला निघाला. मी स्कूटर ठेवली, पाऊस काढला. आत्याला ते अजिबात पटलं नाही. “पाऊस असू दे की, काय बिघडतंय!” बिघडत काहीच नव्हतं. पण बाबा तारखा पेन्सिलीने लिहिणारे. त्यांच्यावरच्या लेखात खोटा पाऊस मला बोचला असता.

एका घराबाबत मात्र मी थांबले. त्यांच्या मुलाला थॅलेसेमिया आहे. थॅलेसेमिया मेजरमध्ये दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, तेही जन्मभर. एखाद्या रात्रीच्या धावपळीने भागत नाही. बाबांनी त्या मुलासाठी दात्यांचा एक गटच बांधला होता आणि त्यांची पाळी लावून दिली होती. मुलगा आता कमावता आहे. त्याची आई म्हणाली, जरूर लिहा. मुलगा म्हणाला, नको, ऑफिसात माहीत नाही. मी त्याचं ऐकलं आणि पुस्तिकेतून तो भाग पूर्ण गाळला. इथे लिहितेय तेही त्याला विचारून, ओळख पटेल असं काही न ठेवता.

आणि वहीत काही नोंदींसमोर दोनच शब्द होते, ‘नाही जमलं.’ त्या दात्याचं नाव, वेळ, आणि हे दोन शब्द. फार नव्हत्या, पण होत्या. कुणाला विचारावं तर बाबांच्या सगळ्यात जवळच्या सहकाऱ्यांनाही त्यांनी याबद्दल काही सांगितलेलं नव्हतं. पुस्तिकेत मी त्यांचा नुसता उल्लेख केला. खुलासा केला नाही, कारण खुलासा माझ्याकडे नव्हता.

आता आईचं. सांत्वनाला येणाऱ्यांपैकी कितीतरी जण आम्हाला ओळखतच नव्हते, पण आईचा आवाज ओळखत होते. “वहिनी, तुम्हीच ना रात्री फोन उचलायच्या?” बाबा बाहेर असले की फोन आईच घ्यायची: गट कोणता, किती पिशव्या, पेशंट कुठे, नातेवाईक कोण, आणि “घाबरू नका, आधी कागदावर लिहून घ्या” हे वाक्य. हे वाक्य मला इतक्यांनी सांगितलं की मी ते बाबांचंच समजत होते. ते आईचं निघालं. बाबांनी ते तिच्याकडून उचललं होतं. मी हे लेखात घातलं तर आई म्हणाली, “माझं कशाला? लेख त्यांच्यावर आहे.” मी हट्टाला पेटले. घरचा माणूस आणि समाजाचा माणूस असे दोन बाबा नव्हते. दिवस एकच चोवीस तासांचा होता. त्यातले जे तास बाहेर गेले ते घरातून कुणीतरी भरून काढले, आणि ते आईने काढले. हे सोडून त्यांची स्तुती करणं मला अर्धवट वाटत होतं. शेवटी तिने एका परिच्छेदाला परवानगी दिली, तोही तिचं एचबी न छापण्याच्या अटीवर. इथेही छापू नको म्हणाली असती. पण वाचून दाखवलं तेव्हा काही बोलली नाही, नुसतं “अकरापूर्णांक एक नव्हे, अकरापूर्णांक तीन होतं एकदा” म्हणाली.

दादाचं प्रकरण याहून अवघड. त्याच्या स्नेहसंमेलनात त्याचं नाटक होतं आणि बाबा दुसऱ्या अंकाच्या आत उठून गेले. प्लेटलेट हव्या होत्या कुणाला तरी. दादा आता पन्नाशीला आला, पण हे सांगताना त्याचा आवाज शाळेतल्यासारखा झाला. मी विचारलं, लिहू का? तो म्हणाला, स्मरणसभेत? वेड लागलंय का. दोन दिवसांनी त्यानेच फोन केला: लिही, पण पुढचंही लिही. पुढचं असं की त्या रात्री बाबांनी परत येऊन त्याला झोपेतून उठवलं, आणि राहिलेला अंक आमच्या बाहेरच्या खोलीत पूर्ण करून घेतला. इतर पात्रांचे संवाद आई वाचत होती. दादा म्हणतो, राग गेला नाही, पण नाटक झालं. तेवढंच त्याने छापू दिलं, आणि सभेत लोक सगळ्यात जास्त हसले ते यावर.

लिहून झालं तेव्हा मजकूर प्रचंड होता. मोठ्याने वाचून पाहिला तर घसा बसला. सभेत बसलेल्या माणसांत म्हातारी माणसं असतात, पाठ दुखते, डोळे भरलेले असतात. दहा मिनिटांपलीकडे कुणाला ओढायचं नाही. मी जन्म, शिक्षण, नोकरी, बढत्या असं सगळं काढून पुस्तिकेच्या शेवटी एका चौकटीत टाकलं. वाचायला चारच प्रसंग ठेवले: परत पाठवलेले दाते, वही, उलटं मोजणं, दादाचं नाटक. विशेषणं तर जवळपास सगळी गेली. दादाच्या मसुद्यातलं ‘कुटुंबवत्सल’ तेवढं मी ठेवलं. त्याच्यासाठी.

जोडीला काही बारीकसारीक कामं होती, ज्यांना सामोरं जावं लागेल त्यांच्यासाठी सांगते. जुन्या चिकट पानांच्या अल्बममधून फोटो ओढून काढू नका, फाटतात. दात साफ करायचा बिनवासाचा धागा फोटोखालून हळूहळू सरकवला की निघतात. न निघाले तर पानासकट स्कॅन करा. लहान फोटो असेल तर ६०० डीपीआयवर, आणि मागची बाजूही, कारण नावं तिथे असतात. नातेवाइकांकडून फोटो मागवाल तर व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, नाहीतर चित्र दाबलं जातं आणि काढल्याची तारीखही निघून जाते. आणि गेलेल्या माणसाचं सिम लगेच बंद करू नका. बँकेपासून सगळ्याचे ओटीपी त्यावरच येत असतात, बऱ्याच दिवसांत वापरलं नाही तर तो नंबर दुसऱ्याला जातो, आणि व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस बंद राहिलं तर पुसलं जातं. बाबांचे शेवटच्या काही वर्षांचे निरोप आम्ही वेळेत उतरवून घेतले, त्यातला बराच मजकूर ‘पोचलात का?’ एवढाच होता.

पुस्तिका गेल्यावर दुरुस्त्या आल्या. पाऊस काढल्याबद्दल दोन तक्रारी. अबोला धरलेल्या त्या गृहस्थांचा एक लांबलचक निरोप, की भांडण बाबांनी नाही, त्यांनीच सुरू केलं होतं आणि हे पुढच्या आवृत्तीत यावं. पुढची आवृत्ती निघेल असं त्यांना का वाटलं कोण जाणे, पण मी ते फाइलमध्ये टाकून ठेवलंय.

राहिली वही. तिच्यात शेकडो लोकांचे नंबर, रक्तगट, कुणाकुणाच्या तब्येतीच्या नोंदी. ती अशीच कुणाच्या हातात देणं बरोबर नव्हतं. उलटं मोजणारी ती मुलगी यादी सांभाळायला तयार झाली, तेव्हा आम्ही आधी प्रत्येकाला फोन करून विचारलं, तुमचं नाव पुढे राहू द्यायचं का. काहींनी काढायला सांगितलं, काहींचे नंबर लागलेच नाहीत, चार नंबरवाल्या माणसाचा मेहुण्याकडून पत्ता लागला. बहुतेक जण म्हणाले, राहू द्या. यादी आता संगणकावर आहे, गटानुसारच. आईने एक अट घातली होती: रात्रीचे फोन एकाच घरावर पडता कामा नयेत. म्हणून बाबांचा नंबर ज्याची पाळी त्याच्या फोनवर वळवतो. या आठवड्यात पाळी दादाची आहे, आणि सोमवारपासून तो तक्रार करतोय की लोक गट न सांगताच रडायला लागतात.